अनामित यांना उत्तर : मोटेल, कॉंडो आणि माझं रडगाणं

अनामित साहेब (किंवा बाई, ब्लॉगवर कळायला मार्ग नाही, चुकलं तर सांभाळून घ्या),

तुमची प्रतिक्रिया आली त्या दिवशी मला राग आला म्हणून उत्तर दिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्यातलं बरंचसं खरं आहे, म्हणून पुन्हा दिलं नाही. आज देतोय. जरा लांबेल.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. न्यू जर्सीच्या पार दक्षिण टोकाला वाइल्डवूड म्हणून समुद्रकाठचं गाव आहे, तिथली 1950-60 च्या दशकातली छोटी छोटी मोटेलं (गाडीने येणाऱ्यांची साधी लॉजं) जाऊन कॉंडो (विकत घ्यायचे फ्लॅट) आले, त्यावर मी मागच्या महिन्यात गळा काढला होता. त्यावर तुम्ही लिहिलंत (मी जर्सीतच, एडिसन गावात राहतो), “स्वतः एडिसनला चार बेडरूमच्या घरात बसायचं आणि दुसऱ्याच्या मोडक्या मोटेलसाठी उसासे टाकायचे, म्हणजे गिरगावच्या चाळीवर कविता करायच्या आणि राहायचं टॉवरमध्ये.” पुढे असंही की मालकांना हावरट म्हणायचा तुम्हाला काय अधिकार, प्लॅस्टिकच्या झाडांत आणि निऑनच्या पाट्यांत कसली आलीये वास्तुकला, 1958 साली तुम्हाला त्या मोटेलात खोली तरी दिली असती का, आणि समुद्र तर तिथेच आहे, बीचही फुकट आहे, मग रडताय कशाला. आणि शेवटी, जाता जाता, तुम्ही स्वतः 2005 साली नॉर्थ वाइल्डवूडला कॉंडो घेतलाय आणि त्याचं मॉर्गेज, म्हणजे घराचं कर्ज, अजून फेडताय.

शेवटचं वाक्य आधी वाचलं असतं तर राग कमी आला असता.

आधी माझी चूक. मी लिहिलं होतं की “सगळी मोटेलं पाडली”. भावनेच्या भरात लिहिलं, ते खोटं आहे. 2000 नंतरच्या पाच-सहा वर्षांत भराभर पडली हे खरं, इतकी की 2006 साली जुन्या वास्तू जपणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल ट्रस्टने सर्वात धोक्यात असलेल्या 11 ऐतिहासिक जागांच्या यादीत वाइल्डवूडची मोटेलं घातली. पण बरीच आजही उभी आहेत. 1957 सालचं कॅरिबियन पडता पडता वाचलं आणि 2005 साली राष्ट्रीय वारसा यादीत गेलं. तुमच्याच नॉर्थ वाइल्डवूडमधलं शातो ब्लू, ज्याचा पूल पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा आहे, तेही यादीत आहे. शिवाय काही मोटेलं तर कॉंडो झाली म्हणूनच वाचली, म्हणजे इमारत तीच ठेवून एकेक खोली वेगवेगळ्या लोकांना विकली आणि ऑफिस पूर्वीसारखंच भाड्याने देतंय. हे मला माहीत होतं. लेखात घातलं नाही कारण घातलं असतं तर माझं रडणं तेवढं रंगलं नसतं.

आता मालकांचं. “पैशाच्या हावेपोटी विकली” हे वाक्य मी मागे घेतो. त्यामागचं गणित मी जवळून बघितलंय आणि तरी तसं लिहिलं याची मला लाज वाटते. आम्ही ज्या मोटेलात जायचो ते एक म्हातारं जोडपं चालवायचं, ऑफिसच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचं. मेमोरियल डे ते लेबर डे, म्हणजे मेअखेर ते सप्टेंबरचा पहिला आठवडा, जेमतेम 100 दिवसांचा धंदा, आणि त्यातही पावसाचे शनिवार-रविवार गेले की गेले. बाकी वर्षभर टॅक्स, इन्शुरन्स, आणि खारा वारा. खारा वारा म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, लोखंडी कठडे दर वर्षी खरवडून रंगवायचे. इमारती उन्हाळ्यापुरत्या बांधलेल्या, भिंतीत इन्सुलेशन नाही, त्यामुळे सीझन संपला की सगळ्या पाइपांमधलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर जानेवारीत गोठून फुटायचे. मुलं शिकून बाहेर पडलेली, त्यांना पहाटे पाच वाजता टॉवेल धुवायचे नव्हते, आणि का असावेत? अशात 2002-03 च्या सुमाराला कर्जं स्वस्त, समुद्रकाठच्या जागेला सोन्याचा भाव, आणि तीसेक खोल्यांच्या मोटेलाची जमीन मोटेलापेक्षा कितीतरी महाग. बिल्डर दारात आला. काकूंनी आम्हाला सांगितलं तेव्हा त्या रडत नव्हत्या, हसत होत्या. दोघं फ्लोरिडाला गेले. तिथे कुठे राहतात विचारलं तर म्हणाल्या, कॉंडोत.

तर तो मुद्दा तुमचा.

प्लॅस्टिकच्या झाडांचा मुद्दा मात्र मी देणार नाही. जर्सीच्या थंडीत माड जगत नाही, म्हणून त्यांनी प्लॅस्टिकचे लावले, पूलभोवती, ओळीने, बिनधास्त. हसू येतं? यायलाच पाहिजे, त्यासाठीच लावले होते. गार्डन स्टेट पार्कवे हा जर्सीतून समुद्राकडे जाणारा हमरस्ता 1950 च्या दशकात झाला, आणि फिलाडेल्फियाचा, उत्तर जर्सीचा कारखान्यातला माणूस पहिल्यांदा स्वतःच्या गाडीतून बायकापोरांना घेऊन समुद्रावर यायला लागला. त्याला फ्लोरिडा परवडत नव्हतं, हवाई तर स्वप्नातही नाही. मग इथल्या मोरी बंधूंसारख्या बिल्डर लोकांनी मायामी बीचवर बघितलेलं डोक्यात ठेवून इथेच हवाई उभं केलं. तिरकी छपरं, वर जाणारे रॅम्प, रात्रभर झीं करत जळणारं निऑन, आणि नावं बघा, रॉयल हवाईयन, पॅन अमेरिकन, अ‍ॅस्ट्रोनॉट, आणि हो, शालिमारसुद्धा! स्पुटनिक हा पहिला उपग्रह उडाल्यानंतरच्याच वर्षी, 1958 ला, सॅटेलाइट नावाचं मोटेल तयार. (ते 2004 ला पाडलं.) डू-वॉप हे या शैलीचं नाव नंतर पडलं, बांधणाऱ्यांना ते माहीतही नव्हतं. आणि याला वास्तुकला मी एकटा म्हणत नाही. स्टीव्हन आयझेनॉर म्हणून आर्किटेक्ट होते, रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राऊन यांच्याबरोबर लास वेगासच्या पाट्यांचा गंभीरपणे अभ्यास केलेले, त्यांनी 1990 च्या दशकात पेन आणि येल विद्यापीठांचे विद्यार्थी आणून हीच मोटेलं अभ्यासाला लावली.

आणि जुनं म्हणजे किती जुनं असलं की तुम्हाला चालेल? शेजारचं केप मे बघा, वाइल्डवूडहून गाडीने वीस मिनिटं. तिथली व्हिक्टोरियन घरं, 1878 च्या आगीनंतर बांधलेली, 1960 च्या दशकात लोकांना भंगार वाटत होती, पाडा आणि नवीन काहीतरी बांधा असंच चाललं होतं. 1976 साली अख्खं गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं. आज तिथल्या घरात एक रात्र झोपायला काय पडतं ते तुम्हीच बघा आणि मग मला भंगाराची व्याख्या सांगा.

1958 साली खोली मिळाली असती का? हा प्रश्न मला खरंच लागला. नसती मिळाली, निदान मी कुणाला खात्रीने सांगू शकत नाही की मिळाली असती. हॉटेल-मोटेलात वर्णावरून नाकारायला देशभर कायद्याने बंदी आली ती 1964 ला, आणि आपल्यासारख्यांना या देशात यायचं दार उघडलं 1965 च्या कायद्याने. त्या निऑनखाली कितीतरी काळी कुटुंबं ‘व्हेकन्सी’ची (खोल्या रिकाम्या आहेत अशी) पाटी बघून आत गेली असतील आणि खोली नाही म्हणून परत फिरली असतील. मी लेखात “तो निरागस काळ” असं लिहिलं होतं, ते तीन शब्द आज काढून टाकलेत. माझी आठवण 1958 ची नाहीये. ती 1999 ते 2003 ची आहे, तेव्हा मोटेलं म्हातारी झाली होती आणि दर उतरले होते, म्हणूनच आम्ही आत शिरू शकलो.

आणि आता समुद्राचं, कारण मला बोलायचंय ते इथेच. समुद्र तिथेच आहे, बरोबर. वाइल्डवूडचा बीच फुकट आहे, हेही बरोबर, जर्सीत बाकी बहुतेक ठिकाणी बीचचा बिल्ला विकत घ्यावा लागतो, तिथे नाही. पण झोपायचं कुठे?

आम्ही Y2K च्या लाटेत, म्हणजे 2000 सालाच्या तारखांसाठी कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या कामांच्या लाटेत, आलेली माणसं. एडिसनला एक बेडरूमचं अपार्टमेंट, एक जुनी कोरोला, मुलगी दोन वर्षांची. भारतातून आई-बाबा आले होते, त्यांना समुद्र दाखवायचा होता. (बाबा म्हणाले, अरे आम्ही गिरगावातून आलोय, आम्हाला समुद्र काय दाखवतोस. पण आले.) एडिसनहून दोन तास, शनिवारी पार्कवेवर तीन. जाऊन येऊन एका दिवसात म्हाताऱ्या माणसांचे हाल. जूनच्या पहिल्या आठवड्यात सीझनचे भाव चढायच्या आधी दोन रात्री घेतल्या, रात्रीला सत्तर-पंचाहत्तर डॉलर, तेही जड वाटले होते. चौघांच्या खोलीत पाच माणसं आणि एक गादी जमिनीवर. खोलीत दोन शेगड्यांचा ओटा होता, अशा खोल्यांना तिथे एफिशियन्सी म्हणतात. आईने सकाळी पोह्यांना फोडणी दिली आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला. सगळी गॅलरी बाहेर. काकू चपला घालून धावत आल्या, मला वाटलं आता मोजतील डोकी आणि काढतील बाहेर. त्यांनी डोकी मोजलीच, मी बघितलं त्यांना मोजताना. मग अलार्मखाली टॉवेल हलवला, दार उघडं ठेवून शिजवा म्हणाल्या, आणि जाताना बशीभर पोहे घेऊन गेल्या. दुपारी बशी परत आली तेव्हा त्यात दोन पीच होते. आईला इंग्रजी येत नव्हतं, काकूंना त्याची गरज वाटली नाही.

तुमचं चाळीचं वाक्य मला म्हणून जास्त झोंबलं. कारण बाबाच म्हणाले होते, संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसल्यावर, “ही तर चाळ आहे रे. फक्त मधल्या चौकात पाणी भरलंय.” खोल्यांची दारं एका ओळीत, सगळी उघड्या गॅलरीवर, कठड्यावर वाळत घातलेले टॉवेल, खाली पूलमध्ये कुणाचीही पोरं कुणाच्याही आईचं ऐकतायत. चाळीत राहणाऱ्यांना चाळीचा किती वीट आला होता तेही बाबांकडून ऐकलंय, रांगेतल्या संडासासकट. मोटेलातही गालिच्याला कुबट वास यायचा, एसी ट्रॅक्टरसारखा आणि आमच्या खोलीचा नळ तीन वर्षं गळत होता. त्याची आठवण येते असं मी कधीच म्हटलं नाही.

पण दोन रात्री मिळायच्या हो. दोनच. आता जुलैमध्ये कॉंडो बघायला जा, शनिवार ते शनिवार, अख्खा आठवडा, वर डिपॉझिट, वर सफाईचे पैसे, चादरी आपल्या आपण आणा. ज्याच्याकडे आठवड्याची सुट्टी आणि आठवड्याचे पैसे दोन्ही आहेत त्याच्यासाठी उत्तम. माझ्याकडे आज आहेत. 1999 ला नव्हते, आणि आज जो नवीन येतोय, किंवा फिलाडेल्फियात ट्रक चालवतोय, त्याच्याकडे नसतील. मोटेल समुद्र किलोवर न विकता पावशेरावर विकायचं, एवढंच. उरलेली विकतात अजून, पण दुकानं कमी झाली आणि भाव चढले. शिवाय त्या कॉंडोंच्या खाली पुरासाठी म्हणून खांब आणि पार्किंग, म्हणजे रस्त्यावरून चालताना तुमच्या डोळ्यासमोर गॅरेजची दारं, वर बाल्कन्या, आणि सप्टेंबर ते मे पडदे बंद. मोटेलही हिवाळ्यात बंदच असायचं म्हणा. हं, हा मुद्दा तेवढासा जमला नाही.

आमची मुलगी आता मोठी झाली, तिच्या आठवणीत यातलं काहीच नाही. आजीआजोबा नाहीत, पोहे नाहीत. तिला फक्त बोर्डवॉकवरची (समुद्रकाठच्या फळ्यांच्या रस्त्यावरची) पिवळी-निळी ट्रॅम आठवते आणि तिच्या भोंग्यातला 1971 सालापासून तोच असलेला बाईचा आवाज, “वॉच द ट्रॅम कार, प्लीज”. घरात कुणी वाटेत उभं राहिलं की ती अजून तेच म्हणते, त्याच सुरात.

तुमच्या कॉंडोबद्दल मी लेखात काही बोललो नव्हतो, कारण मला तो ठाऊकच नव्हता, आणि ठाऊक असता तरी तुम्ही कुणाचं काही हिसकावलं असं मी म्हणालो नसतो. 2005 ला म्हणजे अगदी चढ्या भावात घेतलात, त्यानंतर 2008 ला बाजार कोसळला, तेव्हा काय झालं असेल ते मी समजू शकतो. मॉर्गेजचा विषय मी लांबवत नाही.

एकच विचारायचंय. मी गेली काही वर्षं एक वही ठेवलीये, पाडलेल्या मोटेलांचे पूल कसे होते त्याची, कारण प्रत्येकाचा आकार वेगळा असायचा, चंद्रकोर, बदाम, काजूसारखा, एक तर नुसता चौकोन पण कोपऱ्यात तीन प्लॅस्टिकचे माड. तुमच्या इमारतीच्या जागी आधी काय होतं? शेजारपाजारच्या जुन्या माणसांना ठाऊक असेल. नाव नाही मिळालं तरी चालेल, पूलचा आकार तेवढा कळवा.