सपाट रस्ता, पण वाऱ्याचं काय?

'नदीकाठचा डांबरी रस्ता सपाट, म्हणून नवख्यालाही सोपा' हे युरोपातल्या डॅन्यूब नदीकाठच्या सायकलसफरीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं. चढ नसला तरी वारा असतो! गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं कोल्हापूरहून नृसिंहवाडीला सायकलने गेलो. जाताना पश्चिमेचा वारा पाठीशी, हसतखेळत संगमावर पोचलो. परतताना तोच छातीवर. इचलकरंजी ओलांडताच बायकोच्या पोटरीत गोळा आला, अर्धा तास उसाच्या बांधावर बसून मी तिचा पाय चोळत होतो.

डॅन्यूबकाठी बहुतेक जण जर्मनीतल्या पासाऊहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाकडेच जातात. नदी पूर्वेला वाहते आणि वाराही बहुधा पश्चिमेचा. आपली पंचगंगाही पूर्ववाहिनीच. पण आपल्याला त्याच दिवशी घरी यायचं असतं. म्हणून नवख्यांना सांगा, पावसाळ्यात आधी वाऱ्याच्या तोंडाला जा. आम्ही आता कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या प्रयाग चिखलीची वाट धरतो.