कोणती पंधरा मिनिटे?

मराठी चित्रपटाच्या परीक्षणात शेवटाकडे एक वाक्य हटकून येते : ‘संकलनाची कात्री आणखी चालायला हवी होती.’ कथा, अभिनय, छायाचित्रण आणि संगीत यांची वाटणी झाली, की संकलनाच्या वाट्याला एवढेच उरते. हल्ली या वाक्याला धोरणाचे रूप आले आहे. रील्सच्या जमान्यात प्रेक्षकाला धीर राहिलेला नाही, म्हणून चित्रपट दोन तासांच्या आत आणा, शॉट तीन-चार सेकंदांपलीकडे धरू नका, असे पुण्या-मुंबईच्या आमच्या मित्रमंडळाच्या ग्रुपवर एरवी समजूतदार असलेली माणसेही लिहू लागली आहेत. मी प्रागच्या ‘फामू’ या चित्रपटशिक्षण संस्थेत संकलन शिकते म्हणून माझे मत विचारले जाते, आणि ते दिले की ‘तुला तिकडे बसून बोलायला काय जाते’ हेही ऐकवले जाते.

तर तिकडे बसूनच बोलते. मिरोस्लाव हायेक या चेक संकलकाने १९६६ साली वेरा खितिलोवा यांच्या ‘सेदमिक्रास्की’चे संकलन केले. चित्रपट जेमतेम सव्वा तासाचा; त्यात दोन मुली हातात कात्र्या घेऊन एकमेकींना कापू लागतात आणि पाहता पाहता अख्ख्या चौकटीचेच तुकडे होतात. पुढच्याच वर्षी आलेल्या फ्रांतिशेक व्लाचिल यांच्या ‘मार्केता लाझारोवा’चे संकलनही हायेक यांचेच, आणि तो अडीच तासांहून लांब आहे. एकाच हाताने केलेली ही दोन कामे लागोपाठ पाहिली, तर संकलकाची किंमत त्याने किती कापले यावर ठरवण्याची कल्पनाच हास्यास्पद वाटू लागते. माझ्या वर्गात कोणी ‘पंधरा मिनिटे कमी कर’ म्हणाले, तर त्याला लगेच ‘कोणती?’ असे विचारले जाते, आणि उत्तर नसेल तर त्याने गप्प बसायचे असते. आपल्याकडचे किती परीक्षक या प्रश्नापुढे टिकतील, याविषयी मला शंका आहे.

मित्रांचे म्हणणे असे, की हे सारे युरोपचे लाड आहेत. मराठी निर्मात्याला थिएटर मिळवताना नाकी नऊ येतात आणि लांबी कमी असली तर दिवसाकाठी एखादा खेळ जास्त बसतो. हे व्यवहाराचे गणित मला मान्य आहे. ते संकलनशास्त्र म्हणून माझ्या गळ्यात मारू नये, एवढेच. शिवाय धीर नसलेल्या याच प्रेक्षकाने २०१६ साली जवळजवळ तीन तासांचा ‘सैराट’ डोक्यावर घेतला होता, आणि त्याच्या अखेरीस, जिथे कोणीही पार्श्वसंगीताचा गदारोळ केला असता तिथे, आवाजच काढून घेतलेला आहे. ‘कोर्ट’मध्ये न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते, दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळा होऊन तसाच राहतो. चित्रपट संपला असे वाटून माणसे चुळबुळ करू लागतात, तेव्हा तो न्यायाधीशांच्या सहलीबरोबर पुन्हा सुरू होतो. संकलक रिखव देसाई यांनी तो अंधार आखडता घेतला असता, तर न्यायसंस्थेची सुटी आपल्या अंगावर आली नसती. मी हा चित्रपट इथल्या सहाध्यायांना आवर्जून दाखवला, आणि आमच्याकडे काय होऊ शकते हे त्यांना कळावे म्हणून दिव्यांचा तो प्रसंग दोनदा लावला. त्यात थोडा दिमाख होता, हे नाकारत नाही.

मध्यंतराची गोष्ट मात्र मी त्यांना अजून नीट समजावू शकलेले नाही. प्रागच्या स्वेतोझोर चित्रपटगृहात लोक हातात बिअरचे ग्लास घेऊन आत जातात आणि चित्रपट मध्ये कुठेही न तोडता शेवटपर्यंत चालतो; आपल्याकडे मध्यंतर नसलेला परदेशी चित्रपटही मल्टिप्लेक्सवाले भलत्याच ठिकाणी, कधी संवादाच्या मध्येच, तोडतात. याची मला चीड आहे. तरीही आपल्या संकलकाला एका चित्रपटात दोन शेवट रचावे लागतात आणि पहिल्या शेवटानंतर समोशाच्या रांगेतून परतलेल्या माणसाला पुन्हा गोष्टीत ओढून आणावे लागते, हे कौशल्य इथल्या अभ्यासक्रमात कुठेच नाही. दादरच्या प्लाझात त्या दहा मिनिटांत अनोळखी माणसे जो निकाल देतात, त्याची उणीव मला इथे दर चित्रपटाला जाणवते.

माझ्या पदविकापटात एक साधा प्रसंग आहे. आई भाकरी थापते आहे, मुलगा दारात उभा राहून विचारतो, की जमिनीचे काकांच्या कानावर घातलेस का. आई म्हणते, ‘मी त्यांना अजून काही सांगितलेलं’, भाकरी उचलून तव्यावर टाकते, पाण्याचा हात फिरवते, आणि मग म्हणते, ‘नाही.’ मराठी कानाला तेवढा वेळ जीव टांगणीला लागतो. परंतु उपशीर्षक, म्हणजे पडद्यावरची भाषांतराची ओळ, पहिल्या शब्दाबरोबरच उमटते आणि त्यात नकार आधीच येऊन गेलेला असतो; त्यामुळे इथल्या प्रेक्षकाला पुढची दोन सेकंदे नुसता ओला हात दिसत राहतो. उपशीर्षक मधोमध तोडले, तर वाक्य लंगडते. अध्यापकांनी तो हात काढायला सांगितले आणि मी काढला. प्रसंग गुळगुळीत झाला. तीच आवृत्ती ग्रुपवर पाठवली, तर मित्रांनी लिहिले, ‘मस्त, एकदम टाइट!’ अर्थात त्यांनी ती मोबाइलवर पाहिली होती.

मी ज्यांच्या बाजूने इतकी तावातावाने भांडते, त्या मराठी प्रेक्षकात मी स्वतः अजून बसते का, हा प्रश्न मी टाळत आले होते. परवा इथे एक मराठी चित्रपट पाहताना माझी नजर प्रत्येक संवादाला आधी खालच्या ओळीकडे जात होती आणि कान मागाहून पोहोचत होते. शेजारी बसलेल्या चेक मैत्रिणीच्या बरोबरीने, पात्राचे वाक्य पुरे होण्याआधी, मी हसत होते. इथे राहून मी काय कमावले याची यादी मला तोंडपाठ आहे, आणि वादात ती मी पुढेही करते. हे मात्र त्या यादीत बसत नाही.

आईचा हात मी परत जोडला आहे. अध्यापकांनी ‘कोणासाठी?’ असे विचारले, तेव्हा ‘ज्यांना वाचावे लागत नाही त्यांच्यासाठी’ असे सांगितले. परीक्षेच्या खेळाला आणि पुण्याच्या खेळाला हीच प्रत जाईल, दोन सेकंदांसकट.