वाड्यात नाटक करताय, मग माईक कशाला?

मुलं वाड्यात ‘सौभद्र’ हे संगीत नाटक करणार म्हटल्यावर पहिला प्रश्न आला तो साउंडवाला कोण, हा. मुलं कुठली, नारद कोण करतंय, तालीम कोण घेतंय, हे सगळं नंतर. मदत करायला निघालेल्या एका गृहस्थांची तर अटच होती: प्रत्येक पात्राला कॉलर माईक आणि मागे एलईडीचा पडदा, त्यावर द्वारका दिसली पाहिजे. आम्ही हात जोडून नको म्हटलं. त्यांच्या मदतीचे पैसे गेले. प्रयोग झाले, चांगले झाले, तरी ‘पेटीवाल्या बाईंचा हट्ट’ (म्हणजे माझा) हा विषय काही संपत नाही. फोनवर एकेकाला समजावण्यापेक्षा इथेच लिहिते.

बँक्वेट हॉलसारखा आवाज काढायचा असेल तर बँक्वेट हॉलच घ्यावा ना! पार्किंग तरी मिळतं. दांडिया बाजार-रावपुऱ्यात गाडी लावायला जागा शोधणं म्हणजे काय ते बडोदेकरांना सांगायला नको. वाडा घेतला तो खांब आणि महिरपी फोटोत छान दिसतात म्हणून नव्हे. (मुलांना रील्स काढायच्याच होत्या, त्यांनी काढल्या, माझी काही हरकत नाही.) वाडा घेतला कारण तिथे गाणं ऐकू येतं.

ओसरीवर उभं राहून गायलं की पाठीमागची भिंत आणि डोक्यावरची बुटकी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, आवाज पुढे टाकते. चौक वरून उघडा, त्यामुळे आवाज घुमत राहत नाही, एका शब्दावर दुसरा चढत नाही. मुलांना हे मी शिकवलं नाही, त्यांचं त्यांनाच तालमीत कळलं. ओसरीच्या कडेला येऊन गायलं की आवाज आभाळात जातो, दोन पावलं मागे सरलं की समोरच्या सज्जापर्यंत जातो. मग दिग्दर्शक पोराने सगळ्या हालचाली बदलल्या. संवाद कडेला, पद मागे. कॉलर माईक लावले असते तर कुठे उभं राहायचं हा प्रश्नच पडला नसता, आणि मग तो वाडा असला काय न् नसला काय.

गोंगाटाचंही सांगते. प्रयोग कमुरत्यात ठेवले. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत लग्नं बंद, त्यामुळे वराती बंद, बँड बंद. थंडी होती, लोक शाली घेऊन आले. स्कूटरचे हॉर्न वाजले, ते वाजणारच. कबुतरांनी दुसऱ्या अंकात फार त्रास दिला.

खरं वाईट वाटतं ते हे सगळं बडोद्यात सांगावं लागतं याचं. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘सौभद्र’ पहिल्यांदा रंगभूमीवर आणलं तेव्हा सुभद्रा कोणी केली? भाऊराव कोल्हटकरांनी. जन्म १८६३, गाव बडोदं. म्हणजे त्या वेळी त्यांची विशीही पुरी झाली नव्हती! उंच, पल्लेदार आवाजाचा हा आपल्या गावचा मुलगा, त्याच्या आवाजासाठी लोक नाटकाला जायचे, आणि माईक कशाशी खातात हे त्याला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व मंडळींनी केला तो याच गावात, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गडकरी जाऊन महिनाही झाला नव्हता. मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ ची. आज तिचीच युनिव्हर्सिटीतली परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली आहे. आपण मात्र मुलांना म्हणतो, बाळा, तुझा आवाज पुरायचा नाही.

पुरतो. निदान ‘सौभद्र’ला पुरतो, आणि म्हणूनच मी मुलांना ‘स्वयंवर’ करू दिलं नाही. ‘स्वयंवर’ १९१६ चं, त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ती रागदारी पेलायला गळ्याला दहा वर्षांची बैठक लागते. किर्लोस्करांचं तसं नाही. तिथे साकी, दिंडी ही जुनी सोपी वृत्तं आहेत, कीर्तनातल्या चाली आहेत, लावणीचा ठसका आहे. पद छोटं, शब्द पुढे, तान असली तर चवीपुरती. चौदा वर्षांच्या मुलीने दिंडी स्वच्छ म्हटली की सज्जातल्या आजींना शब्द न् शब्द कळतो. मूळ नाटकात पदं शंभराच्या वर. आम्ही भरपूर कापली, त्याबद्दल ज्यांना मला बोलायचं असेल त्यांनी खुशाल बोलावं. शाळा-कॉलेजच्या मुलांचं नाटक रात्री साडेदहाला संपलंच पाहिजे, त्यांच्या आयांना मी तोंड देते.

माईकच्या जोडीला दुसरी सूचना आली ती ट्रॅकची. पेटी-तबला हवाय कशाला, पदं स्टुडिओत वाजवून घ्या, बटण दाबलं की सुरू. यातली गोम जो साथीला बसतो त्यालाच कळते. जुन्या कंपनीत सगळी पात्रं पुरुषच, पट्टीचं गणित त्यातल्या त्यात सोपं. आमचा कृष्ण मुलगी, सुभद्रा मुलगी, अर्जुन मुलगा आणि नारद नुकता आवाज फुटलेला. सुभद्रा काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी तिचा षड्ज, म्हणजे सा) गाते, अर्जुन काळी एकमध्ये. दोन पदांच्या मधे चार वाक्यं, तेवढ्यात मला षड्ज बदलायचा. तबलजीने दोन तबले लावून ठेवले होते, एक चारचा, एक एकचा. नारदाचा आवाज कुठल्या दिवशी कुठे बसेल याचा नेम नव्हता. प्रयोगाच्या दिवशी त्याने पहिली ओळ घेतली आणि मी अर्धा सूर खाली गेले. प्रेक्षकांना पत्ताही नाही. ट्रॅक खाली आला असता का? आणि मधेच टाळ्या पडून वन्स मोअर आला तर?

आता तक्रारी. गद्य मागे पोचलं नाही, विशेषतः बलरामाचं. तक्रार खरी आहे. पण त्यावर उपाय माईक नाही, तालीम आहे. बलराम करणारा मुलगा आयुष्यभर मोबाइलच्या अंतरावर बोलत आलाय, त्याला पोटातून बोलायला एका हंगामात येणार नाही, तीन लागतील. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी उच्चारांवर बोट ठेवलं. घरी मराठी, शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी, त्यामुळे ‘चांगला’ आणि ‘चंद्र’ यांतले दोन्ही च सारखेच येतात, हे मलाही ऐकू येतं. घोटून घेऊ. पण ‘तुमच्या मुलांना मराठी येत नाही’ असं मुलांच्या तोंडावर म्हणायचं नव्हतं हो. ती त्याच मराठीत आपल्या आजीशी भांडतात.

पुण्या-मुंबईची नाटकं येऊ देत, मीही तिकीट काढून जाते. फक्त त्यांच्या एका प्रयोगाच्या बिदागीत आमच्या मुलांची वर्षभराची तालीम होते, एवढं आपल्या मंडळांच्या कार्यकारिणीने लक्षात ठेवावं. आणि वाडेवाल्यांनीही. आम्हाला ज्यांनी चौक दिला त्यांनी भाडं घेतलं नाही. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण उद्यापासून त्यांच्या दारात प्री-वेडिंगवाल्यांची रांग लागेल.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा ‘सौभद्र’च करायचं ठरतंय, तेच मुलगे-मुली, थोडी जास्त पदं. माझी हातपेटी मोकळ्या चौकात तोकडी पडते, एवढ्यापुरतं मात्र माईकवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. दोन्ही हात मोकळे ठेवणारी जुनी पायपेटी, म्हणजे ऑर्गन, हवा आहे. दांडिया बाजार, रावपुरा, सलाटवाडा, कुणाच्याही माळ्यावर पडून असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. भाता फाटलेला असला, उंदरांनी कुरतडलेला असला तरी चालेल, सूर शाबूत पाहिजेत. जिन्यावरून उतरवून न्यायला मुलं येतील.