काकांनी माझा कर्नल दुरुस्त केला

सोसायटीच्या ग्रुपवर काल रात्री मेसेज पडला : ‘बी विंगमधील आपल्या इंजिनिअर मुलाचा कॉम्प्युटर बरेच दिवस अडकला होता. आज मी सहज जाऊन सोडवून दिला.’ खाली सेक्रेटरी काकांचं नाव आणि अंगठ्यांचा पाऊस. त्यातला एक अंगठा माझ्या बायकोचा.

आता वस्तुस्थिती ऐका. यूएसबीला लावायच्या नेटवर्क डोंगलचा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधला ड्रायव्हर, म्हणजे तो डोंगल चालवणारा प्रोग्रॅम, सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. डोंगल काढला की कधीतरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अडकून बसायचा आणि दर दहा सेकंदांनी एकच ओळ ओकायचा : ‘वेटिंग फॉर ईटीएच-झिरो टू बिकम फ्री. युसेज काउंट इज इक्वल टू वन.’ म्हणजे डोंगल मोकळा व्हायची वाट बघतोय, अजून एकजण तो धरून बसलाय. कर्नलमध्ये नेटवर्कचं यंत्र जो कोणी वापरायला घेतो त्याने मोजणी एकने वाढवायची, सोडताना एकने कमी करायची. शून्य झालं की यंत्र मोकळं. इथे कोणीतरी घेतलेलं परत केलं नव्हतं. कोणी, ते सांगायची सोय नव्या कर्नलमध्ये आहे. आमचं गिऱ्हाईक जुन्यावरच ठाण मांडून आहे. बरं, शोधायला कोडमध्ये जागोजागी प्रिंट (‘इथवर पोचलो’ असं लिहून दाखवणाऱ्या ओळी) टाकावेत, तर बग गायब! प्रिंटमुळे कोड मंदावतो आणि वेळेचं गणितच बदलतं. प्रिंट काढले की स्वारी हजर, तीही फक्त गिऱ्हाइकाकडे.

अशात काका मेंटेनन्सची पावती द्यायला आले. पावती देऊन माणूस जातो, अशी आपली एक भाबडी समजूत असते. काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. ज्या वस्तूला वायर आहे तिच्यावर खात्याचा, पर्यायाने त्यांचा, हक्क.

“हे ढिलं वाटतंय,” म्हणत त्यांनी डोंगल खसकन उपटला. फुंकर मारली. परत खुपसला. दिवा लागायच्या आत पुन्हा उपटला.

स्क्रीनवर ती ओळ आली.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून वाचली. “कोण वाट बघतंय रे?”

“कर्नल.”

“सी विंगमधले? ते तर मुलीकडे गेलेत.”

मी समजावून सांगितलं. म्हणजे दोन वाक्यं सांगितली. तिसऱ्याला काकांनी खुर्ची ओढली. “म्हणजे कोणीतरी रिसीव्हर बाजूला काढून ठेवलाय. आमच्याकडे स्ट्रोजर एक्स्चेंज होतं. फोन करणाऱ्याने रिसीव्हर नीट ठेवला नाही की लाइन जोडणारा सिलेक्टर तिथल्या तिथे अडकलेला. समोरचा किती का आपटेना, लाइन सुटायची नाही.”

हा स्ट्रोजर अमेरिकेत कॅन्सस सिटीला अंत्यविधीचा धंदा करायचा. ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याला जोडून देते असा त्याला संशय, म्हणून त्याने बाईच नको असं यंत्र काढलं, असं सांगतात. 1891 मध्ये पेटंटही मिळवलं. चिडक्या माणसाचं एवढं चीज होऊ शकतं, हे वाचून मला फार धीर येतो. आमच्याकडे चिडलं की एचआरची मीटिंग लागते.

“मग तुम्ही काय करायचात?” मी विचारलं. चूक झाली. चहा आला, काकांनी तो बशीत ओतला, आणि पुढे बशी आणि तोंड यांच्यामध्ये पूर्ण एक्स्चेंज उभं राहिलं : रॅक, बँक, वायपर, मधेच एक लाचखोर लाइनमन.

“करायचं काय! रॅकपासून मागे मागे जायचं. आणि लागलेला कॉल कशाला बघतोस? तो चांगलाच असतो. लागता लागता तुटलेला बघ!”

काका गेल्यावर मी निव्वळ वैतागाने ड्रायव्हरमधल्या बाहेर पडायच्या वाटा तपासायला घेतल्या. कनेक्शन जुळत असतानाच डोंगल निघाला तर फंक्शन अर्ध्यातूनच परतत होतं, आणि हातात घेतलेलं यंत्र सोडायची ओळ त्या वाटेवर नव्हतीच. दिवा लागायच्या आत उपटणारा माणूस आमच्या टेस्टिंग टीममध्ये नाही. सगळे सभ्य आहेत.

दुरुस्ती एका ओळीची, आणि तिच्यासाठी वर एक व्हेरिएबल. मॅनेजरने विचारलं, “एवढ्याचसाठी इतके दिवस?” नेटवर्क चालू असतं तेव्हा आमच्यासारखे कोणी जगात आहेत याचीही लोकांना खबर नसते, आणि बंद पडलं की कामाचे तास मोजतात. पॅच, म्हणजे ही दुरुस्ती, वर लिनक्स सांभाळणाऱ्यांकडे पाठवला तर तपासणाऱ्या गृहस्थांचं उत्तर : शीर्षकात ट्रीचं, म्हणजे कोडच्या कुठल्या शाखेत घ्यायचं तिचं, नाव नाही, ‘फिक्सेस’ ओळीत बग आणणाऱ्या कमिटच्या (जुन्या बदलाच्या) आयडीची बारा अक्षरं हवीत, आणि व्हेरिएबल्स उलट्या ख्रिसमस ट्रीप्रमाणे लावा, लांब ओळ वर, आखूड खाली. बगबद्दल चकार शब्द नाही. इकडे ग्रुपवरचा मेसेज वाचून डी विंगमधल्या काकू प्रिंटर घेऊन दारात.

वर शेवटची सूचना अशी की बग दाखवणाऱ्याचं आणि उपाय सुचवणाऱ्याचं नाव ‘रिपोर्टेड-बाय’ आणि ‘सजेस्टेड-बाय’ या ओळींत ई-मेलसकट द्यावं. नियमच आहे तसा. दात ओठ खात काकांना फोन केला.

“ई-मेल आहे ना, नातवाने काढून दिलाय. स्पेलिंग त्याला विचारावं लागेल,” काका म्हणाले. “आणि हे बघ, नावापुढे सेक्रेटरी लिही. माजी लिहू नकोस. निवडणूक अजून व्हायचीय.”