‘दुखलं तर एक जास्त, बरं वाटलं तर अर्धी’: फिटच्या गोळ्यांचा हिशोब असा चालत नाही

फिटच्या आणि नसांच्या दुखण्याच्या गोळ्यांबद्दल एक संदेश हातोहात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दोन-तीन महिने फिट आली नाही की गोळी अर्धी करा, मग सोडून द्या. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्या. नसांचं दुखणं वाढलं तर एक जास्त घ्या, थांबलं की बंद करा. आणि रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल असेल तर डोसची काळजी नको.

या सगळ्याच्या मुळाशी एकच समज आहे: गोळी जितकी वाढवाल-घटवाल, तितकंच अंगातलं औषध वाढेल-घटेल. या औषधांच्या बाबतीत हा समज घातक ठरू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘एक जास्त घेतली तर काय बिघडतं?’

फेनिटॉइनचं उदाहरण घ्या. १९३८ पासून फिटवर वापरलं जाणारं हे औषध यकृतात मोडतं, पण ते मोडण्याची यकृताची ताकद नेहमीच्या डोसलाच संपत येते. त्यापुढे घातलेलं औषध साचत जातं. रोज ३०० मिलिग्रॅमवर ठीक असलेल्या माणसाने आपल्या मनाने ४०० सुरू केले, तर डोस फक्त एक तृतीयांशाने वाढतो, पण रक्तातली पातळी दुप्पट, कधी चौपटही होऊ शकते. म्हणूनच पातळी हव्या त्या टप्प्याजवळ आली की डॉक्टर पुढची वाढ २५ ते ५० मिलिग्रॅमचीच करतात.

आणि हे लगेच दिसत नाही, हा खरा धोका. पहिले काही दिवस काहीच होत नाही, माणूस निर्धास्त होतो. मग बाजूला बघताना बुबुळं थरथरायला लागतात, पाय फाकवून चालावं लागतं, जीभ जड होते, बसल्या जागी पेंग येते. बघणाऱ्याला वाटतं हा प्यायला आहे. फिटच्या रुग्णाला आधीच लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात, त्यात ही भर.

याच औषधाचं पातळ रूप मुलांना देताना बाटली नीट हलवली नाही, तर औषध तळाशी बसतं. सुरुवातीच्या मापांत औषध कमी जातं आणि मुलाला फिट येते, शेवटच्या मापांत ते जास्त जातं आणि मूल झोकांड्या खातं. डोस कागदावर बरोबर, मुलाच्या पोटात चूक. घरातला चमचाही नको, मापाची सिरिंजच हवी.

नसांच्या दुखण्यावर आणि फिटवर दिल्या जाणाऱ्या गॅबापेंटिनचं नेमकं उलटं. दिवसाला ९०० मिलिग्रॅम घेतले तर त्यातलं सुमारे ६० टक्के शरीरात शोषलं जातं, ३६०० घेतले तर साधारण एक तृतीयांशच. प्रीगॅबालिन मात्र कोणत्याही डोसला ९० टक्क्यांच्या आसपास शोषलं जातं. एकाच घराण्यातली ही दोन औषधं, तरी एकाचा हिशोब दुसऱ्याला लागू नाही.

‘नसांच्या दुखण्यावर लागेल तेव्हा घ्या’

ही औषधं पेनकिलर नाहीत. नागीण होऊन गेल्यावर उरणारी आग, मधुमेहात तळपायांना होणारी जळजळ, चेहऱ्यात विजेसारखी जाणारी चमक, या सगळ्यांत नसा विनाकारण संदेश सोडत राहतात. औषध त्यांना शांत करतं, पण त्यासाठी त्याची पातळी टिकून राहावी लागते आणि परिणाम दिसायला काही आठवडेही लागतात. कळ आल्यावर घेतलेली जादा गोळी कळ थांबवण्याआधी झोप आणते, तोल घालवते.

गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन जवळजवळ जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड अधू असेल तर नेहमीचाच डोस अंगात साचतो. आणि मधुमेहाने ज्यांच्या नसा बिघडल्या, त्यांतल्या अनेकांची मूत्रपिंडंही बिघडलेली असतात. म्हणजे हा सल्ला ज्यांच्यासाठी सर्वांत धोकादायक, तेच तो वाचताहेत. सोबत ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनच्या जातीचं औषध, झोपेची गोळी किंवा दारू असेल तर श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिला आहे.

एका झटक्यात बंद करणंही तितकंच चुकीचं. घाम, बेचैनी, झोप उडणं, कधी चक्क फिट. किमान आठवडाभर तरी हळूहळू उतरवावं लागतं, बऱ्याचदा त्याहून जास्त.

‘फिट येत नाही, मग गोळी कशाला?’

फिट येत नाही ती बहुधा गोळीमुळे. औषध कधीच सुटत नाही असं मात्र नाही. निदान दोन वर्षं फिट न आलेल्या हजारावर रुग्णांचा ब्रिटिश अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध सावकाश कमी केलेल्यांपैकी ४१ टक्क्यांना पुढच्या दोन वर्षांत पुन्हा फिट आली, चालू ठेवलेल्यांपैकी २२ टक्क्यांना. याचा अर्थ अनेकांना सोडता येतं, पण फिटचा प्रकार, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) आणि रोजचं काम बघून, काही महिने घेऊन. अचानक सोडलं तर एकामागून एक फिट येण्याची भीती असते, विशेषतः फेनोबार्बिटोन आणि क्लोबझम सोडताना. झटके ५ मिनिटांहून जास्त चालले, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी फिट आली, तर थेट रुग्णालय गाठा.

‘चुकली तर पुढच्या वेळी दोन’

नाही. आठवल्यावर घ्या. पुढची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दुप्पट नको.

लॅमोट्रिजिन या फिटच्या औषधाला याहून कडक नियम आहे. एकटंच असेल तर ते बहुधा २५ मिलिग्रॅमवर दोन आठवडे, मग ५० वर दोन आठवडे असं चढवतात. सोबत व्हॅलप्रोएट हे फिटचं दुसरं औषध असेल तर सुरुवात २५ मिलिग्रॅम एक दिवसाआड, कारण व्हॅलप्रोएट त्याला शरीरात जास्त काळ अडवून ठेवतं. घाई केली तर कातडी सोलून निघणारी जीवघेणी पुरळ येण्याचा धोका वाढतो. सलग पाचेक दिवस गोळी चुकली असेल तर जुना डोस थेट सुरू करायचा नसतो, बहुतेकदा पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं.

‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे डोस बरोबर’

फेनिटॉइनची १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही पातळी छापील असते. पण त्यातलं सुमारे ९० टक्के औषध रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं. प्रथिनं कमी असलेल्या माणसाचा आकडा नॉर्मल दिसतो आणि मोकळं औषध मात्र जास्त असतं. उलट, ८ वरही एखाद्याच्या फिट पूर्ण थांबतात, त्याचा डोस आकड्यासाठी वाढवायचं कारण नाही.

हा संदेश वाचून कोणी डोस आधीच बदलला असेल, तर घाबरून आपल्या मनाने परत जुन्या डोसवर उडी मारू नका. आजच डॉक्टरांना फोन करा. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, गोळी सावकाश विरघळणारी आहे का, बदल कधी केला आणि बाकी कोणती औषधं चालू आहेत, एवढं हाताशी ठेवा. ताप, तोंडात फोड आणि अंगावर पुरळ एकत्र दिसलं तर फोनची वाट न बघता रुग्णालयात जा.