पोलेंटा आणि त्याचे दागिने

वजन कमी करायचं तर रात्रीचं जेवण हलकं ठेवा असं डॉक्टर म्हणाले, म्हणून त्याच रात्री मोबाईल घेऊन बसलो आणि मला पोलेंटा सापडला. मक्याचा जाडसर रवा पाण्यात शिजवायचा, बस्स. उत्तर इटलीतले लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच खात आलेत, इतकं की दक्षिणेतले त्यांना चिडवायला 'पोलेंटोनी' म्हणतात. १०० ग्रॅम कोरड्या पोलेंट्यात सुमारे ३५० कॅलरी, आणि तेवढाच शिजवलेला घेतला की फक्त ७०च्या आसपास! मला आधी वाटलं बाकीच्या कॅलरी वाफेबरोबर उडून जातात. बायको म्हणाली, "अरे, बाकीचं पाणी असतं ते." म्हणजे मी डाएट म्हणून घट्ट केलेलं गरम पाणी खाणार होतो. असो.

२०० ग्रॅम रवा, एक लिटर पाणी, मीठ. पाणी उकळलं की एका हाताने रवा पावसासारखा भुरभुरत सोडायचा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. मी वाकलो, चष्म्यावर वाफ धरली, आणि पाऊस पडायच्या ऐवजी ढगफुटी झाली. गुठळ्याच गुठळ्या! चमच्याने एक दाबून फोडली तर आत कोरडा रवा, जसा पिशवीतून निघाला तसाच, पाण्याचा थेंबसुद्धा न लागलेला.

आणि मग ढवळणं. पाच मिनिटं नाही, पंचेचाळीस! पहिली दहा मिनिटं बरं वाटतं, विसाव्या मिनिटाला चव घेतली तर अजून कचकच, आणि तिशीनंतर तो घट्ट व्हायला लागतो आणि बुडबुडे फुटायला लागतात. फट्ट! एक ठिपका सरळ मनगटावर. हे प्रकरण कातडीला चिकटून बसतं आणि झटकलं तरी जात नाही, म्हणून पुढची पंधरा मिनिटं मी हातात ओव्हनचा मोजा घालून, तोंड शक्य तितकं लांब ठेवून ढवळत होतो. इटलीत यासाठी तांब्याचं खास भांडं असतं, पायोलो म्हणतात त्याला, आणि आता तर ढवळायला वर मोटार लावलेलंही मिळतं, त्यावरून काय ते समजा. पाच मिनिटांत होणारा इन्स्टंट पोलेंटाही मिळतो, पण मला ओरिजिनल हवा होता ना, भोगा आता.

शेवटी ताटात घेतला. दिसायला सोनेरी, सुंदर. चव? काहीच नाही. वाईट असती तरी तक्रार करता आली असती.

मग एक मोठा चमचा बटर घातलं, फक्त चवीपुरतं. १०० कॅलरी. वर ३० ग्रॅम चीज किसलं, १२०. शेजारी मशरूम हवेत म्हणून एक मोठा चमचा ऑलिव्ह ऑईल घेतलं, ते मशरूमनी बघता बघता पिऊन टाकलं, आणखी १२०. माझ्या वाटणीचा पोलेंटा जेमतेम २३०चा आणि त्याच्या अंगावरचे दागिने ३४०चे. बायको ॲपमध्ये नोंद करत होती, ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. लेक मात्र म्हणाली, "बाबा, दागिनेच वाढ ना अजून थोडे."

उरलेला ट्रेमध्ये थापून फ्रीजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याची वीट झाली होती, वड्या पाडून परतायच्या असतात म्हणे. तेल कमी घातलं तर तव्याला चिकटतात आणि भरपूर घातलं तर मस्त कुरकुरीत होतात, यात मी काय निवडलं असेल ते सांगायची गरज नाही.

पण खरी गंमत पहिल्याच रात्री अकराला झाली. भांड्याच्या तळाला पातळ खरपूस पापुद्रा धरला होता, घासायला घेतलं तर एका कडेने सुटला आणि सहज तोंडात टाकला. अख्ख्या संध्याकाळची चव तिथे जाऊन बसली होती! अंधारात उभा राहून मी चमच्याने भांडं खरवडत होतो, तेवढ्यात मागून मोबाईलचा उजेड पडला.

"किती ग्रॅम लिहू?" बायको म्हणाली.