सफेदा का गेला ते पण लिहा की

"पूर्वी सफेदा-सूत होतं, आता टेफ्लॉन टेप आली" असं नळाचे सांधे गळू नयेत म्हणून काय लावायचं यावरच्या या लेखात एका ओळीत उरकलंय, पण हे (सफेदा म्हणजे सांध्याला फासायचा तेलातला पांढरा लेप) बदललं का ते राहिलंच. ठाण्यात नौपाड्याला आमची जुनी बिल्डिंग, सगळे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप, तिथे आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा फासला की सांधा वर्षानुवर्षं हलायचा नाही, उलट खोलायचा म्हटलं की दोन पाने लावून घाम निघायचा. मग २०१६ ला घोडबंदरला आलो, इथे सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचे पाइप, आणि बाबांच्या ओळखीच्या प्लंबरकाकांनी सवयीने गीझरच्या सांध्यात तेच सूत-सफेदा कचकचून भरलं, वर पान्याने दोन-तीन फेरे जास्तीचे. आठवड्यात एल्बोला (वळणाच्या जोडाला) केसाएवढी चीर, आणि खालच्यांच्या छताला ओल! प्लास्टिकला तो तेलातला सफेदा चालत नाही आणि एवढा जोर तर नाहीच, टेपचे वेढे देऊन हाताने घट्ट करायचं, मग पान्याने एखादा फेरा, बस.

आणि गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं, म्हणजे जास्तीचा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेचं, तर नावच नाही लेखात. गीझर तापताना तो थेंब थेंब गळतो म्हणून बूच मारून घेणारे अजून आहेत (आमचे शेजारीच), अहो पाणी तापलं की फुगतं, मग ते जाणार कुठे?